नार्व्याहून पणजीला किती वाटा?

डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावाचा नकाशा फोनवर उघडला की आधी डोळ्यांत भरते ती मांडवी. गावाला लागून ती वाहते, समोर दिवाडी बेट पसरलेले दिसते, बेटाच्या पलीकडच्या अंगाला नदीचा दुसरा फाटा आणि त्याच्या काठावर जुने गोवे. पक्ष्याच्या वाटेने पणजी इथून दहा-बारा किलोमीटर असेल. चाकांवर निघालेल्या माणसापुढे मात्र निदान चार वाटा असतात. नार्व्याच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत चढवायची, दिवाडी ओलांडायची आणि दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याला उतरायचे, ही एक. मयेहून पुलावरून चोडणला जायचे आणि तिथून फेरीने रायबंदर गाठायचे, ही दुसरी. डिचोली, अस्नोडा, म्हापसा, पर्वरी करत मांडवीच्या पुलावरून पणजीत शिरायचे, ही तिसरी. आणि आमोण्याच्या पुलावरून खांडोळे, माशेल, बाणस्तारी करत पूर्वेकडून जुन्या गोव्यात यायचे, ही चौथी.

फोनला विचारा. पापणी लवायच्या आत तो एक वाट ठळक निळी करतो, बाकीच्या फिक्या, आणि प्रत्येकीवर मिनिटे लिहून टाकतो. रोजच्या सवयीने आपल्याला त्याचे काही वाटेनासे झाले आहे. मला ते अजूनही थक्क करते. नदी, बेटे, पूल, फेऱ्या, घाट, जत्रेची गर्दी हे सगळे आकड्यांत कसे बसते? आणि त्याने काढलेली वाट आपल्याला पटली नाही तर आपल्या मनासारखी आखून घेता येते का? येते. पण ती नीट आखायची तर आत काय चालते ते आधी समजून घ्यायला हवे.

वाट शोधण्याच्या या विद्येचा उगमही नदी आणि बेटांतच आहे. प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरातून, म्हणजे आजच्या कालिनिनग्रादमधून, प्रेगेल नदी वाहते. नदीने शहराचे चार भाग केले होते आणि ते सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे शहर फिरता येईल का, असा तिथल्या लोकांचा प्रश्न होता. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये उत्तर दिले की येणार नाही. एखाद्या भागात एका पुलावरून आत आलात तर बाहेर पडायला दुसरा पूल लागतो, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक भागाला पूल जोडीने हवेत; तिथे तर चारही भागांना पुलांची संख्या विषम होती. उत्तरापेक्षा ऑयलरची नजर मोठी. त्याने जमिनीच्या तुकड्यांचे ठिपके केले, पुलांच्या रेघा केल्या आणि घरे, चर्च, बेटांचे आकार, रस्त्यांची लांबी सगळे पुसून टाकले.

तीच नजर आपल्या मांडवीला लावून पाहा. दिवाडी एक ठिपका होते. तिच्यातून फेरीच्या रेघा निघतात, एक नार्व्याकडे, बाकीच्या जुन्या गोव्याच्या आणि रायबंदरच्या बाजूला. चोडण दुसरा ठिपका. त्याला मयेकडे पुलाची रेघ आणि रायबंदरकडे फेरीची. असेच करत प्रत्येक तिठा, चव्हाटा, गल्लीचे तोंड यांचे ठिपके आणि त्यांमधल्या रस्त्यांच्या रेघा काढल्या की फोनच्या पोटातला नकाशा तयार होतो. आपल्याला दिसणारी हिरवी-निळी चित्रे आपल्यासाठी असतात. वाट शोधणारे गणित ती पाहतसुद्धा नाही. त्याला फक्त कोणता ठिपका कोणाला जोडलेला आहे आणि त्या रेघेला किती वेळ लागतो एवढेच लागते.

आता सर्वांत कमी वेळेची वाट शोधायची. एड्सगर डाइक्स्ट्रा हा तरुण डच शास्त्रज्ञ १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेबाहेर आपल्या वाग्दत्त वधूबरोबर कॉफी घेत बसला होता. त्याच्या संस्थेने आर्माक नावाचा नवा संगणक बांधला होता आणि त्याचे सामर्थ्य सामान्य माणसाला कळेल असे काहीतरी करून दाखवायचे होते. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा जवळचा रस्ता कोणता? कागद-पेन्सिल न घेता, विसेक मिनिटांत, त्याने तिथेच रीत शोधली. प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्समधली ६४ गावे घेतली होती. १९५९ मध्ये छापून आलेला त्याचा लेख जेमतेम तीन पानांचा आहे.

ही रीत समजायला खाजनाइतके, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीइतके, चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारे उघडून भरतीचे पाणी आत घेतले की ते आधी जवळच्या चरांत शिरते, मग त्यापुढच्या, मग त्याहून पुढच्या. टोकाचा बांध कुठे आहे हे पाण्याला ठाऊक नसते. तरी ज्या क्षणी ते त्या बांधाला पहिल्यांदा टेकते, त्या क्षणी ते सर्वांत जवळच्या चरांतूनच आलेले असते, कारण लांबच्या चरांतले पाणी अजून वाटेतच आहे. डाइक्स्ट्राची रीतही अशीच निघालेल्या ठिकाणापासून चहूकडे पसरते, नेहमी सर्वांत आधी गाठता येईल तो ठिपका पुढे घेते आणि तिथे किती वेळात पोचलो ते लिहून ठेवते. पोचायचे ठिकाण आले की थांबते.

पण पाणी चहूकडे पसरते, पणजीला जायचे असले तरी दोडामार्गाकडेही जाते. ही वाया जाणारी मेहनत वाचवायला १९६८ मध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल या तिघांनी एक सुधारणा सुचवली. शेकी नावाच्या एका चाकांवरच्या यंत्रमानवाला खोलीतून वाट शोधता यावी म्हणून त्यांचे काम चालले होते. प्रत्येक ठिपक्यापाशी त्यांनी आणखी एक अंदाज जोडला: इथून मुक्कामाचे ठिकाण सरळ रेषेत किती दूर? ज्या दिशेने ते अंतर घटते ती दिशा आधी तपासायची. आणि २००८ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथल्या संशोधकांनी तर कमालच केली. त्यांनी नकाशावर आधीच काम करून ठेवले. कमी महत्त्वाचे ठिपके एकेक करून मिटवायचे आणि त्यांच्या जागी थेट रेघा मारून ठेवायच्या. साखळीहून बेळगावला निघालेल्याला चोर्ला घाटातली प्रत्येक आडवाट तपासायचे कारण उरत नाही. घाटाची एक लांब रेघ आधीच तयार असते. पश्चिम युरोपच्या रस्त्यांचा जो नकाशा संशोधक चाचणीसाठी वापरतात त्यात सुमारे १ कोटी ८० लाख ठिपके आहेत. या रीतीने त्यांतले काही शे ते हजारभर पाहिले की वाट सापडते.

मग राहतात रेघांवरचे आकडे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

रस्त्याच्या रेघेवर किलोमीटर लिहून भागत नाही, मिनिटे लागतात. ती येतात आपल्यासारख्याच प्रवाशांकडून. रस्त्यावरून जाणारे फोन आपला वेग कळवत असतात. नाव-गाव काढून टाकून तो साठवला जातो आणि त्यावरून सोमवारी सकाळी नऊ वाजता म्हापशाच्या रस्त्याला किती वेळ लागतो हे कळते. दुचाकीला वेगळा हिशेब लागतो. गूगल मॅप्सने दुचाकीचा पर्याय २०१७ च्या डिसेंबरात आणला, आणि तो आधी भारतात आणला, हे मला फार आवडते. गाडी जिथे अडते तिथून स्कूटर निघते, हे ज्या देशात सर्वांत जास्त खरे आहे तिथूनच सुरुवात झाली.

फेरीचा आकडा मात्र सर्वांत अवघड. नार्व्याहून दिवाडीला पाणी ओलांडायला थोडीच मिनिटे लागतात, वेळ जातो तो धक्क्यावर. समजा फेरी दर वीस मिनिटांनी सुटते. वेळ न पाहता आलेल्या माणसाला कधी एक मिनिट थांबावे लागेल, कधी एकोणीस; सरासरी दहा. म्हणजे नकाशाने त्या रेघेवर ओलांडायचा वेळ अधिक दहा लिहायला हवेत. पण बोटीत गाड्या मोजक्या मावतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीचा बोंदेरा हा उत्सव असतो, गोकुळाष्टमीला नार्व्याच्या तीर्थावर स्नानाला गर्दी लोटते, आणि मग तो दहाचा आकडा कुठल्या कुठे जातो. रात्री शेवटची फेरी सुटल्यावर तर ती रेघ सकाळपर्यंत नकाशातून पुसली गेली असेच समजायचे.

रेघ पुसली जाणे म्हणजे काय हे गोव्याने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला. एका दिवसात पणजी आणि बार्देश यांच्यातली सर्वांत महत्त्वाची रेघ गेली आणि माणसे पुन्हा फेरीबोटींच्या रांगेत उभी राहिली. ठिपके तेच, गावे तीच, पण पेडणे, म्हापसा, डिचोली सगळी पणजीपासून एकदम दूर गेली. अंतर म्हणजे जमिनीवरची लांबी हा आपला समज अशा दिवशी गळून पडतो. दोन गावांमधले अंतर त्यांच्यामधल्या जोडण्यांवर ठरते.

नार्व्याला तर हे साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच ठाऊक होते. कदंब राजांचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडीवरचे. १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिथले देऊळ पाडले आणि भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला आणले. डिचोलीचा मुलूख त्या काळी आदिलशाहीत होता. पाण्याचा पट्टा तोच, आज फेरी ओलांडते तेवढाच. पण त्याच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरे होते. ती वाट निवडणाऱ्यांनी जवळची वाट शोधली नव्हती, सुरक्षित वाट शोधली होती. मंगेश हा देवही कुशस्थळीहून झुवारी ओलांडून आज मंगेशी म्हणतात त्या गावी गेला, त्याचे कारणही तेच. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करवला, तसा शिलालेख तिथे आहे, आणि अलीकडच्या नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. ते पाहायला दुरून येणारे आज फोनवर नाव टाकतात आणि इथेच पहिली अडचण येते: दिवाडीवर मूळ देऊळ ज्या भागात होते, त्यालाही नार्वेच म्हणतात. एकाच नावाची दोन ठिकाणे, मध्ये नदी.

ठिकाणाच्या नावावरून नेमका ठिपका शोधणे हे वाट शोधण्याइतकेच मोठे काम आहे. गोव्यात केरी नावाची गावे तीन: एक पेडण्यात समुद्राकाठी, एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, एक फोंड्यात. बेळगावहून घाट उतरून केरीला पोचलेल्याला समुद्र दिसला नाही तर दोष गणिताचा नाही. विमानतळही आता दोन आहेत. पेडण्यातल्या मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्याचे सांकेतिक नाव जीओएक्स, दाबोळीचे जीओआय. एक गोव्याच्या उत्तर टोकाला, दुसरा झुवारीच्या दक्षिणेला. नुसते गोवा विमानतळ असे शोधणाऱ्याने तिकिटावरची ही तीन अक्षरे आधी पाहावीत. भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन सुरू केला. त्यात देशाची सगळी जमीन सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांची खूण दिली आहे. घर क्रमांक आणि वाड्याचे नाव यांवर चालणाऱ्या आपल्या गावांना ही खूण फार उपयोगाची ठरेल असे मला वाटते.

आणि आपण स्वतः कुठे उभे आहोत हे फोनला कसे कळते? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत आपली वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने आले ते मोजून फोन आपली जागा काढतो. त्या उपग्रहांवरची घड्याळे आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. एवढी क्षुल्लक चूक सुधारली नाही, तर एका दिवसात जागा ठरवण्यात ११ किलोमीटरच्या आसपास फरक पडेल. नार्व्याच्या धक्क्यावर उभे राहावे आणि फोनने आपल्याला पणजीच्या बाजारात दाखवावे, इतका. फेरीबोट निघाली की आपला निळा ठिपका पाण्यावरून चालू लागतो; त्या साध्या दृश्यामागे एवढे सगळे आहे.

आता आपल्या मनासारखी वाट.

संगणकावर गूगल मॅप्स उघडले तर निळी रेघ माऊसने धरून हवी तिकडे ओढता येते. मयेच्या तळ्यावर नेऊन सोडली की वाट तिथून वळते. फोनवर ओढाओढीपेक्षा थांबा घालणे चांगले, कारण मुद्दाम घातलेला थांबा वाट बदलली तरी हलत नाही. निघायची किंवा पोचायची वेळही सांगता येते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी त्या एका सोयीने पुष्कळ वेळ वाचतो. थांबे नऊपर्यंत घालता येतात, पण त्यांचा क्रम आपणच ठरवायचा असतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. नार्व्याचे सप्तकोटेश्वर, मयेचे तळे, लामगावच्या गुहा, हरवळेचा धबधबा आणि साखळीचे विठ्ठल मंदिर अशी पाच ठिकाणे घेतली तर ती १२० क्रमांनी फिरता येतात. नऊ घेतली तर ३,६२,८८० क्रमांनी. या कोड्यावर गणितज्ञ अजून झगडत आहेत. आपण मात्र नकाशा समोर ठेवून जवळजवळच्या ठिकाणांची जोडी लावली की बहुतेक वेळा चांगला क्रम सापडतो.

टोल टाळा, महामार्ग टाळा, फेरी टाळा असे पर्यायही आहेत. त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. टाळा म्हणजे मनाई नव्हे. त्या रेघेवर मोठा दंड लावला जातो, म्हणजे दुसरी वाट असेल तर ती आपोआप स्वस्त ठरते. दिवाडीला पूल नाही, तेव्हा फेरी टाळा म्हणून दिवाडीची वाट मागितली तर दंड भरूनही फेरीच घ्यावी लागते. तेरेखोलचा किल्ला याहून नवलाचा. तो गोव्याचा, पण तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर. पेडण्याच्या केरीहून फेरीने गेलात तर समोरच. फेरी टाळलीत तर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्याला, म्हणजे महाराष्ट्रात, शिरावे लागते आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातून फिरून पुन्हा गोव्यात यावे लागते. एका बटणाने वाट दोन राज्यांतून जाते. याहून पुढे जायचे असेल तर ब्राउटर नावाचे मुक्त साधन आहे. त्यात हे दंडाचे आकडे आपणच लिहू शकतो: डांबरीला इतके, मातीच्या रस्त्याला इतके, चढाला इतके. स्वतःच्या आवडीनिवडी गणिताच्या भाषेत लिहिण्याचा आनंद एकदा घेऊन पाहावा असा आहे.

घाटात उतरण्याआधी मात्र त्या भागाचा नकाशा फोनवर उतरवून ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये बिहारहून गोव्याला निघालेले एक कुटुंब ऑनलाइन नकाशाच्या मागे जात खानापूर तालुक्यातल्या जंगलात शिरले आणि फोनला रेंज नसल्याने त्यांना रात्र तिथेच काढावी लागली, अशी बातमी होती. गणित अशा वेळी चुकलेले नसते. दोन ठिपक्यांमध्ये रेघ आहे, एवढे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. ती रेघ रानवाट आहे, पावसाळ्यात तिथे ओढा येतो, रात्री तिथून कोणी जात नाही, हे सांगायचे राहून गेलेले असते. आजूबाजूच्या गावातल्या कोणालाही ते ठाऊक असते.

म्हणून मला ओपनस्ट्रीटमॅपचे इतके अप्रूप आहे. स्टीव्ह कोस्टने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक काढतात आणि तो कोणालाही वापरता येतो. त्यात फेरीची रेघ वेगळी दाखवता येते. तिला किती वेळ लागतो, ती किती ते किती चालते, तिच्यात चारचाकी घेतात की नाही, हे सगळे लिहिता येते. रस्ता डांबरी की मातीचा, पूल किती रुंद, वाट पावसात बंद होते का, हेही. गूगल मॅप्सवरही चूक कळवण्याची सोय आहे. भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरचे बरेचसे जुने निर्बंध उठवले, त्यामुळे देशात या कामाला मोकळीकही आली आहे.

नार्वे, पिळगाव, मये, चोडण, दिवाडी आणि पेडण्यातल्या केरीच्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. कार्ल्सरुहेच्या संशोधकांना आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या अभियंत्यांना जे कधीच कळणार नाही ते तुम्हाला रोजच्या जाण्यायेण्यातून ठाऊक आहे. तुमच्या धक्क्यावरून शेवटची फेरी किती वाजता सुटते, दुपारी ती किती वेळ थांबते, कोणत्या बांधावरून गाडी जाते आणि कोणत्यावरून फक्त सायकल, हे नकाशात लिहा. तुमच्या वाड्याचे नाव तुम्ही उच्चारता तसे देवनागरीत घाला. खाते उघडायला पाच मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत.